सनद आणि जमीन : अनेक प्रोसेसर वापरायला ऑपरेटिंग सिस्टिम लागतेच का?

१/२२
संगणकाच्या वर्गांत, मुलाखतींच्या तयारीत आणि समाजमाध्यमांवरील वादांत एक वाक्य ठासून सांगितले जाते : "ऑपरेटिंग सिस्टिमने आधार दिल्याखेरीज कोणत्याही सॉफ्टवेअरला एकाहून अधिक प्रोसेसर वापरता येत नाहीत." हे वाक्य इतके अंगवळणी पडले आहे की त्याला पुरावा मागायचे कोणाला सुचत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने तो मागायलाच हवा. निसर्गनियमाच्या थाटात उच्चारले जाणारे हे विधान वस्तुतः एका विशिष्ट काळात झालेल्या तडजोडीचे वर्णन आहे. या धाग्यात त्याचीच उलटतपासणी.

२/२२
आधी यंत्राकडे पाहू. प्रोसेसर एकच काम जाणतो : मेमरीतील एका पत्त्यावरून आज्ञा उचलायची, ती पाळायची आणि पुढच्या आज्ञेकडे जायचे. दुसऱ्या प्रोसेसरला कामाला लावण्यासाठी तीनच गोष्टी लागतात. एक, कोठून सुरुवात करायची तो पत्ता आणि जागे करणारा संकेत. दोन, पहिल्याशी देवाणघेवाण करण्यासाठी सामाईक मेमरी किंवा जोडणारी तार. तीन, दोघांनी एकाच वेळी एकाच वस्तूला हात घालू नये यासाठी शिस्त. या यादीत ऑपरेटिंग सिस्टिमचे नाव कोठेच येत नाही.

३/२२
यांतील तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, आणि "येथे तरी वरून कोणीतरी पंच हवाच" असे वाटणे स्वाभाविक आहे. त्या समजुतीला तडा गेला तो साठच्या दशकात. डेकर या डच गणितज्ञाने दोन प्रक्रियांपुरते दाखवून दिले की साधे वाचन आणि साधे लेखन एवढ्या बळावर दोघे आपापसांत पाळी ठरवू शकतात. १९६५ साली डाइक्स्ट्राने जेमतेम एका पानाच्या लेखात हेच उत्तर कितीही प्रक्रियांसाठी विस्तारले. त्या पानात पंच नाही, वरिष्ठ नाही, परवानगी देणारा कोणी नाही. समान दर्जाचे सहभागी आहेत आणि सर्वांना वाचता येणारी मेमरी आहे.

४/२२
हे सोपे होते असे मात्र नाही. १९६६ साली हायमन यांनी दोन प्रक्रियांसाठी एक 'सुटसुटीत' उत्तर प्रसिद्ध केले. ते चुकीचे निघाले, आणि त्याच वर्षी डोनाल्ड नुथ यांनी ती चूक दाखवून दिली. खरोखर सुटसुटीत उत्तर यायला १९८१ साल उजाडावे लागले. ते पीटरसन यांनी दिले, आणि त्यांच्या छोट्या लेखाच्या शीर्षकात 'दंतकथा' या अर्थाचा शब्द होता. अवघड आणि अशक्य यांतील भेद येथे लक्षात घ्यावा. आजचा दावा अवघडपणाला अशक्यतेचा पोशाख चढवून उभा आहे.

५/२२
यंत्र घडवणाऱ्यांनीही पुढे ही शिस्त सोपी करून दिली. १९६४ साली जाहीर झालेल्या आयबीएमच्या सिस्टिम/३६० मध्ये 'टेस्ट अँड सेट' ही आज्ञा होती : मेमरीतील एक खूण पाहायची आणि त्याच क्षणी ती आपल्या नावे करायची, मध्ये दुसऱ्या कोणाला शिरू द्यायचे नाही. सिस्टिम/३७० मध्ये तिच्या जोडीला 'कंपेअर अँड स्वॅप' आली. महत्त्वाची बाब अशी की या आज्ञा साध्या प्रोग्रामलाही खुल्या होत्या. त्यांच्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिमच्या दारात उभे राहावे लागत नव्हते. आजच्या इंटेल आणि आर्म प्रोसेसरांवरही या जातीच्या आज्ञा सामान्य प्रोग्रामला मोकळेपणाने वापरता येतात.

६/२२
येथे एक प्रामाणिक टीप हवी. डेकर आणि पीटरसन यांची उत्तरे जशीच्या तशी आजच्या यंत्रावर उतरवली तर फसतात. आधुनिक प्रोसेसर वेगासाठी लेखन थोडा वेळ स्वतःजवळ राखून ठेवतो. त्यामुळे एकाने लिहिलेले दुसऱ्याला उशिरा दिसते. त्यावर उपाय म्हणून 'आधीचे लेखन पोहोचल्याशिवाय पुढे जाऊ नकोस' असे सांगणाऱ्या आज्ञा आहेत. त्याही सामान्य प्रोग्रामच्या हाती आहेत. रोग हार्डवेअरचा, औषधही हार्डवेअरचेच.

७/२२
आता विरुद्ध पक्षाचा सर्वांत भक्कम साक्षीदार : बरोज कंपनीचे डी८२५, साल १९६२. लष्करी कामासाठी घडवलेल्या या यंत्रात एकाच सामाईक मेमरीवर चार प्रोसेसरांपर्यंत जोडता येत. त्याच्यासोबत ऑपरेटिंग सिस्टिमही होती, आणि ती कोणत्याही एका प्रोसेसरची मिरास नव्हती. जो मोकळा असेल तो तिच्या आज्ञा चालवी. यावरून असे म्हटले जाते की बहुप्रोसेसर यंत्र आणि ऑपरेटिंग सिस्टिम एकाच पाळण्यात वाढली. हे खरे आहे. पण एकत्र जन्मणे म्हणजे एकावाचून दुसऱ्याचा श्वास अडणे नव्हे.

८/२२
दोनच वर्षांनी, १९६४ साली, सीमोर क्रे यांच्या सीडीसी ६६०० ने हे नाते उलटे करून दाखवले. त्यात एक शक्तिशाली केंद्रीय प्रोसेसर आणि दहा छोटे परिघीय प्रोसेसर होते. ऑपरेटिंग सिस्टिम मुख्यत्वे चाले ती त्या छोट्यांवर. केंद्रीय प्रोसेसरवरील प्रोग्रामला काही हवे असेल तर तो मेमरीतील ठरलेल्या जागी विनंती लिहून ठेवी, आणि परिघीय प्रोसेसर ती जागा तपासत राहत. म्हणजे येथे ऑपरेटिंग सिस्टिम हाच अनेक प्रोसेसर वापरणारा एक प्रोग्राम होता. तिच्या खाली तिला 'आधार' देणारी आणखी एक ऑपरेटिंग सिस्टिम नव्हती. दावा शब्दशः खरा मानला तर हे यंत्र चालूच शकले नसते.

९/२२
मग परवानगीची गरज आली कोठून? उत्तर अर्थकारणात आहे. साठच्या दशकातील संगणक अतोनात महाग होते. एकाच यंत्रावर अनेक खात्यांची, अनेक अनोळखी माणसांची कामे एकाच वेळी चालवावी लागत. एकाच्या प्रोग्रामने दुसऱ्याची मेमरी पुसू नये म्हणून सिस्टिम/३६० सारख्या यंत्रांत दोन अवस्था ठेवल्या गेल्या : एक अधिकाराची, दुसरी सामान्य कामाची. पुढे सिस्टिम/३७० मध्ये दुसऱ्या प्रोसेसरला संकेत देणारी आज्ञा आली, ती अधिकाराच्या अवस्थेत राखून ठेवलेली. कुलूप येथे लागले, आणि ते जाणीवपूर्वक लावले गेले.

१०/२२
मराठा कागदपत्रे वाचणाऱ्यांना हा भेद चटकन उमगेल. जमीन पिकते ती मातीने आणि कसणाऱ्याच्या कष्टाने. सनद एवढेच सांगते की पिकावर हक्क कोणाचा. सनदेमुळे जमिनीला कस येत नाही. पण एकाच शेतावर चार दावेदार उभे राहिले की सनदेवाचून निवाडा होत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम ही प्रोसेसरची सनद आहे. तिची गरज निर्माण होते ती दावेदार अनेक झाल्यामुळे. प्रोसेसर अनेक असणे हे तिचे कारण नव्हे.

११/२२
दावेदार एकच असेल तर काय होते, याचा पुरावा लाखो घरांतील दूरचित्रवाणी संचांखाली पडून होता. नोव्हेंबर १९९४ मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेला सेगा सॅटर्न हा खेळसंच पाहा. त्यात हिताची कंपनीचे दोन एसएच-२ प्रोसेसर होते. आजच्या अर्थाची ऑपरेटिंग सिस्टिम खेळाच्या खाली नव्हती. चकती फिरू लागली की सारे यंत्र त्या खेळाच्या ताब्यात जाई. दुसऱ्या प्रोसेसरला जागे करणे, त्याला काम देणे आणि त्याचे उत्तर घेणे ही सर्व कामे खेळ लिहिणाऱ्यांनीच करायची होती.

१२/२२
सॅटर्नची कथा यशोगाथा नाही, म्हणूनच ती अधिक बोधप्रद आहे. दोन्ही प्रोसेसर एकाच बसवरून मुख्य मेमरीकडे जात. एक जण मेमरीत गुंतला की दुसरा खोळंबे. प्रत्येकाजवळ अवघी चार किलोबाइटांची कॅश होती, आणि तिच्या मर्यादेत काम बसवणे हे कौशल्याचे काम होते. अनेक खेळांना दुसऱ्या प्रोसेसरचा पुरेसा उपयोग करून घेता आला नाही. पण हे अपयश श्रमविभागणीचे होते. सामाईक बसवरील कोंडी कोणतीही ऑपरेटिंग सिस्टिम आणून सुटली नसती.

१३/२२
याहून ठळक उदाहरण ब्रिस्टलचे. १९७८ साली स्थापन झालेल्या इनमॉस कंपनीने ऐंशीच्या दशकात 'ट्रान्सप्युटर' नावाचा प्रोसेसर घडवला. त्याच्या अंगावरच चार जोडण्या होत्या, ज्यांनी तो शेजारच्या ट्रान्सप्युटरांशी थेट बोले. कोणती प्रक्रिया आता चालवायची आणि कोणती थांबवायची, हा निर्णय घेणारी यंत्रणा म्हणजे शेड्यूलर प्रोसेसरच्या आतच कोरलेला होता. जे काम ऑपरेटिंग सिस्टिमचे प्राणतत्त्व मानले जाते, ते येथे सिलिकॉनमध्ये उतरले होते. 'ऑकम' या भाषेत लिहिलेला प्रोग्राम थेट या यंत्रांच्या जाळ्यावर चाले.

१४/२२
ट्रान्सप्युटर जागा होण्याची रीत तर पाठ्यपुस्तकी व्याख्येला सुरुंग लावणारी आहे. जोडणीवरून येणारा पहिला बाइट तो पाही. शून्य आले तर मेमरीत लिहायचे, एक आले तर मेमरी वाचून दाखवायची. दोन किंवा अधिक आले तर तितके बाइट म्हणजे प्रोग्राम समजून ते उतरवून घ्यायचे आणि लगेच चालवायला लागायचे. तो छोटा प्रोग्राम पुढच्या शेजाऱ्याला तसाच जागा करू शके. अशी ही लाट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाई आणि सारे जाळे जागे होई.

१५/२२
हे ट्रान्सप्युटर पुण्याशीही जोडलेले आहेत. ऐंशीच्या दशकात भारताने अमेरिकेकडे क्रे एक्स-एमपी/२४ हा महासंगणक मागितला होता. तो नाकारला गेला, आणि हवामानाच्या कामासाठी एक्स-एमपी/१४ देण्यात आला. या क्रमांकांतील पहिला अंक प्रोसेसरांची संख्या सांगतो. म्हणजे मागितले दोन प्रोसेसरांचे यंत्र आणि पदरात पडले एकाचे. १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली, आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला : ट्रान्सप्युटरांना एकमेकांशी जोडून.

१६/२२
परमची कथा सांगताना नकार, जिद्द आणि विजय एवढीच त्रिसूत्री मांडली जाते. त्यात एक प्रश्न हरवतो : दोन प्रोसेसरांचे यंत्रही विकत मिळत नसताना, चौसष्ट प्रोसेसरांचे यंत्र बांधण्याचा मार्ग इतक्या थोड्या वर्षांत कसा सापडला? उत्तराचा मोठा भाग असा, की निवडलेल्या प्रोसेसरमध्ये संवाद आणि शेड्यूलिंग आधीच वसलेले होते. परमला 'पारस' हे प्रोग्रामिंगचे वातावरण होते. त्यामुळे तो निव्वळ उघड्या लोखंडावर चाले असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. पण अनेक प्रोसेसरांना एकत्र नांदवण्याचा पाया हार्डवेअरने घातला होता. अभिमानाच्या इतिहासाने हा तंत्राचा इतिहास झाकून टाकू नये.

१७/२२
"पण ऑपरेटिंग सिस्टिम हजर असेल आणि तिला दुसरा प्रोसेसर ठाऊकच नसेल तर?" हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर १९९५ सालचे. तेव्हाची मॅक ओएस एकच प्रोसेसर जाणत होती. डेस्टार डिजिटल या कंपनीने त्या काळात 'जेनेसिस एमपी' नावाचे चार पॉवरपीसी प्रोसेसरांपर्यंतचे यंत्र विक्रीस आणले. प्रणालीचा गाभा तोच राहिला. जादा प्रोसेसरांना काम वाटून देणारा एक जोडभाग तेवढा शेजारी बसवला. त्या प्रोसेसरांना मॅक ओएसच्या सेवा मागता येत नसत. पण फोटोशॉपसारख्या प्रोग्रामला चित्रावरील जड गणिते त्यांच्याकडे सोपवता येत, आणि काम लवकर उरके.

१८/२२
विरुद्ध पक्ष येथे विंडोज ९८ पुढे करतो. दोन प्रोसेसरांच्या मदरबोर्डवर ती बसवली तर दुसरा प्रोसेसर झोपून राही. त्याच यंत्रावर विंडोज एनटी किंवा लिनक्स बसवली तर दोन्ही राबत. निरीक्षण अचूक, निष्कर्ष उतावळा. विंडोज ९८ आणि तेव्हाची मॅक ओएस, दोघींनाही दुसरा प्रोसेसर ठाऊक नव्हता. एकीच्या शेजारी कोणीतरी तो जागा करणारा जोडभाग विक्रीस आणला, दुसरीच्या बाबतीत तयार एनटी हाताशी असल्याने तशी निकड नव्हती. कोणी न केलेली गोष्ट ही न होऊ शकणारी गोष्ट ठरत नाही. इतिहासाच्या पहिल्या वर्षाला शिकवला जाणारा हा नियम आहे.

१९/२२
शेवटची पळवाट उरते : "जो कोड दुसरा प्रोसेसर जागा करतो, तोच मुळी ऑपरेटिंग सिस्टिम." सॅटर्नच्या खेळातील शे-दोनशे ओळी, ट्रान्सप्युटरचा पहिला प्रोग्राम, डेस्टारचा जोडभाग : सर्वांना हे नाव द्यायचे. असे केले की दावा कधीच खोटा ठरणार नाही, कारण त्यात सांगण्यासारखे काही उरतच नाही. 'प्रोसेसर जागा करणाऱ्या कोडशिवाय प्रोसेसर जागा होत नाही' हे वाक्य निर्विवाद आहे आणि निरुपयोगीही. व्याख्या ताणून जिंकलेला वाद हरल्यासारखाच असतो.

२०/२२
जे मान्य करायचे ते मोकळेपणाने करावे. आजच्या फोनवर किंवा लॅपटॉपवर, लिनक्स वा विंडोजच्या राज्यात, सामान्य प्रोग्राम स्वतःच्या बळावर दुसरा प्रोसेसर बळकावू शकत नाही. संकेत देणारी यंत्रणा त्याच्या नजरेआड ठेवलेली असते. तो थ्रेड मागतो, कर्नल देतो. पण याच कर्नलांनी हळूहळू अधिकार परतही दिले आहेत. २००३ सालच्या लिनक्स २.६ मध्ये 'फ्युटेक्स' आले : कुलूप मोकळे असेल तर प्रोग्राम ते स्वतःच घेतो, कर्नलला कळतही नाही, थांबण्याची वेळ आली तरच तो कर्नलचे दार ठोठावतो. पंच हवा तो भांडण झाल्यावर, प्रत्येक पावलाला नव्हे.

२१/२२
ज्यांना हा सारा इतिहास जुना वाटतो, त्यांनी २०२१ च्या जानेवारीत आलेला रास्पबेरी पाय पिको हाती घ्यावा. मूळ किंमत चार डॉलर. त्यावरील आरपी२०४० चिपमध्ये दोन कोअर आहेत. चिप सुरू होताना दुसरा कोअर निजलेला असतो. पहिल्यावरील प्रोग्राम ठरावीक क्रमाने काही संख्या पाठवतो, त्यांत सुरुवातीचा पत्ताही असतो, आणि दुसरा कामाला लागतो. या कोअरना 'टेस्ट अँड सेट'सारखी आज्ञा नाही, म्हणून चिपमध्येच बत्तीस कुलुपे दिलेली आहेत. ऑपरेटिंग सिस्टिम नाही. डेकरचा प्रश्न आणि त्याचे उत्तर एका नखाएवढ्या जागेत नांदत आहेत.

२२/२२
एवढा खल कशासाठी? कारण शिकवले जाते ते वाक्य पिढीची कल्पनाशक्ती आखून देते. 'परवानगी नाही' आणि 'शक्यच नाही' यांतील रेघ पुसली गेली की प्रश्न विचारणाराच संपतो. कुलूप कोणी लावले, कशासाठी लावले, त्या कारणांपैकी कोणती आज उरली आहेत, हे विचारणे हेच इतिहासाचे काम. ऑपरेटिंग सिस्टिमने साठ वर्षे अनोळखी दावेदारांत शांतता राखली आहे. तो मान तिला द्यावा. पण सनद वाचून कोणी जमिनीचा कस सांगू लागला, तर त्याला आधी शेतात न्यावे.